जर्मनीला नर्स हव्यात म्हणे

आज पुन्हा तीच रील. ‘सहा महिन्यांत जर्मनी! नर्सिंगवाल्यांनो, त्वरा करा!’ डोकंच फिरलं.

मिरजेची एक सिस्टर आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेला, सात वर्षं आयसीयूत. कुणालाच शीर सापडली नाही की हिला हाक जायची. ती सध्या जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात मदतनीस आहे. आजीआजोबांना आंघोळ घालते, भरवते, कूस बदलून देते. हे काम हलकं नाही, तिथे नर्सही ते करतात. आपल्याकडे कॉलेजात ते शिकवतात, पण वॉर्डात बहुतेकदा नातेवाईक आणि मावशींवर सोडलेलं असतं. आणि शीर शोधणं तिथे मुळात डॉक्टरचं काम!

रीलवाला काय सांगत नाही? व्हिसा मिळाला म्हणून कुणी नर्स होत नाही. तिथल्या राज्याच्या कार्यालयाकडून ‘आनेरकेनुंग’, म्हणजे शिक्षणाला मान्यता, मिळवावी लागते. त्यांचं शिक्षण २,१०० तास थिअरी आणि २,५०० तास प्रॅक्टिकलचं. तुमचं त्याच्याशी ताडून पाहतात आणि कमी पडलेल्याची यादी पत्राने कळवतात. आपल्या मुली बहुधा वृद्धांची आणि घरी जाऊन करायची शुश्रूषा इथे अडतात. मग एक तर पूरक प्रशिक्षण, नाहीतर परीक्षा: ४५ ते ६० मिनिटं तोंडी, शिवाय खऱ्या रुग्णांवर प्रात्यक्षिक. नापास झालात तर तो भाग पुन्हा एकदाच देता येतो. वर जर्मन भाषा बी२, म्हणजे सहांपैकी चौथ्या पातळीची.

हो, डोस ऐकताना चूक झाली तर माणूस जाईल, भाषा हवीच. २०२४ पासून तासांची ताडणी टाळून थेट परीक्षेलाही बसता येतं. बरं, मान्य.

पण पैशाचं बोला की. जुलै २०२५ मध्ये वृद्धसेवेत किमान वेतन होतं मदतनीसाला तासाला १६.१० युरो, नर्सला २०.५०. महिन्याचे १६५ तास धरा, ७२६ युरोंचा फरक. मान्यतेचा कागद टेबलावर पडून राहिला की हे पैसे कुणाचे वाचतात?

मिरजेची सिस्टर मात्र फोनवर हसते. “सगळे प्रेमळ आहेत हो, फक्त सुईला हात लावू देत नाहीत.” यावर काय रागावणार!

राग आपल्याकडच्यांचा येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला, १०,००० कुशल कामगार पाठवण्याच्या बातम्या झळकल्या. त्या आकड्यावर आता कुणीही दुकान थाटतं. भरतीचा खर्च मालकाने करायचा, हे जर्मन सरकारच्या ‘फेअरे आनवेर्बुंग’ (न्याय्य भरती) या मोहोरेचं तत्त्वच आहे. तुमच्याकडे लाखभर मागणाऱ्याला आधी ती मोहोर दाखवायला सांगा. नोकरीच्या करारात ‘Rückzahlung’ (परतफेड) शब्द शोधा: मुदतीआधी नोकरी सोडली तर किती पैसे परत, ते तिथे असतं.

आणि आजच कॉलेजात जाऊन विषयवार तासांचा तक्ता सही-शिक्क्यानिशी घ्या, वृद्धसेवेचे तास वेगळे मांडून. मिरजेच्या सिस्टरच्या तक्त्यात ते ‘मेडिकल-सर्जिकल’मध्येच मिसळले होते. वेगळे करून मागितले, तोवर कॉलेजच बंद पडलं होतं.