‘पाच मिनिटांत ४० टक्के वेग, तोही फुकट’ : हा व्हिडिओ पुढे पाठवू नका

रविवारी रात्री अकोल्याहून ताईचा फोन आला. भाच्याचा कॉम्प्युटर सुरू होतो, विंडोज दिसतं, निळी स्क्रीन येते आणि सगळं बंद. दोन दिवसांनी त्याचं प्रोजेक्ट सबमिशन. काय केलंस विचारलं तर त्याने एक व्हिडिओ पाठवला, जो मला आधीच तीन ग्रुपांवर आला होता. त्यातलं म्हणणं असं : कंपन्या प्रोसेसरचा वेग मुद्दाम दाबून विकतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन रेशो (वेगाचा गुणक, ४९ म्हणजे ४.९ गिगाहर्ट्झ) ४९ आणि व्होल्टेज १.४५ करा, ४० टक्के वेग वाढेल. कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं. गरम झाला तर प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. वॉरंटीला धक्का नाही.

हे ४० टक्के आले कुठून? भाच्याकडे एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे, बेस क्लॉक म्हणजे मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ. ३.५ चे ४.९ केले की बरोबर ४० टक्के होतात. पण हा प्रोसेसर काम पडलं की आपणहून ४.४ पर्यंत जातो, खोक्यातून काढल्या दिवसापासून. म्हणजे ४.९ गाठलं तरी खरी वाढ ११ टक्के. आणि तेही गाठलं गेलं नाही. ४९ वर मशीन उठलंच नाही, ४७ वर विंडोजपर्यंत जाऊन कोसळत राहिलं.

माझा खरा राग आहे तो ‘स्वतःला सांभाळतो’ या वाक्यावर. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. तापमान मर्यादेला टेकलं की, या प्रोसेसरला ती ९० अंश, तो वेग कमी करतो. पण हाताने टाकलेलं व्होल्टेज तो नाकारत नाही, आणि नुकसान तिथेच होतं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ चे १.४५ केले तर तेवढ्यानेच सुमारे ४६ टक्के जास्त वीज, म्हणजे तितकीच जास्त उष्णता. ती काढायला प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाणारं अकोला.

जास्त व्होल्टेजने काय होतं याचा पुरावा खुद्द इंटेलने दिला आहे. १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर कोसळू लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीने कारण मान्य केलं : वाढलेलं व्होल्टेज आणि तापमान यांनी आतलं एक सर्किट अकाली झिजत होतं. त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचना) बदलला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आणि स्पष्ट सांगितलं की आधीच बिघडलेला प्रोसेसर या अपडेटने दुरुस्त होणार नाही. हे तर अनेकांनी सेटिंगला हातही न लावता घडलं. आणि इथे एक माणूस कॉलेजच्या पोरांना सरसकट १.४५ टाकायला सांगतो!

‘कुठल्याही कॉम्प्युटरवर’ हे तर साफ खोटं. इंटेलमध्ये रेशो वाढवायला साधारणपणे नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड लागतो. ‘के’ नसलेला आय५-१२४०० ज्याच्याकडे आहे त्याने किती शोधलं तरी तो पर्याय सापडणार नाही. एएमडीच्या ए३२० आणि ए५२० बोर्डांवरही ही सोय नाही. वॉरंटीचं म्हणाल तर ओव्हरक्लॉकिंगने, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवल्याने, झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.

एक मान्य करतो. फुकटचा वेग कधीकाळी खरंच मिळायचा. इंटेलचा १९९८ चा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर सेलेरॉन ३००ए, बसचा (प्रोसेसरला बोर्डशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० केला की, ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार धावायचा. ते दिवस गेले, आता तो वेग कारखान्यातच वसूल होतो. आजही एक गोष्ट बहुतेकांची पडून असते : ३२०० ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम एक्सएमपी (बायोसमधली रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) चालू करेपर्यंत बहुधा २१३३ किंवा २४०० वरच चालते. तेही ओव्हरक्लॉकिंगच. पण पहिल्यांदा हात घालायचाच तर तिथे घाला, मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, कारण चुकणारी रॅम फाइली गुपचूप खराब करते.

ज्यांनी ते आकडे टाकले आणि आता स्क्रीनच येत नाही, त्यांनी घाबरू नये. मेन स्विच बंद करा, वायर काढा, मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवून परत बसवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं. भाच्याला फोनवर हेच करायला सांगितलं, साडेअकराला मशीन उठलं. प्रोजेक्टची फाइल मात्र उघडली नाही, ती त्याने दोन रात्री जागून पुन्हा केली.