गजर सुटला हो!

आपल्याला इंग्रजी येतं हे सोसायटीत कळू देऊ नये. डॉक्टरला निदान तपासणीची फी तरी मिळते. मला मिळतात भांडणं.

परवा रात्री पार्किंगमधल्या एका गाडीचा अलार्म कोकलायला लागला. सकाळी सेक्रेटरींनी ग्रुपवर नोटीस टाकली, तीही इंग्रजीत. (रागावले की ते इंग्रजीतच येतात.) 'द कार अलार्म वेंट ऑफ ॲट टू ए. एम.' खाली ध्वनिप्रदूषण नियम २०००, निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा, सगळं यथासांग.

गाडीमालकाने त्यावर अंगठा आणि 'थँक यू' पाठवलं. अलार्म दोनला ऑफ झाला, म्हणजे बंद झाला, मग तक्रार कसली? तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, "बंद दोनला झाला, पण सुरू कधी झाला ते लिहा ना!" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर जाग्याच होत्या. "दोनला बंद नाही, दोनला सुरू झाला. उगाच खोटं लिहू नका!" एवढी शुद्ध नोटीस लिहून सेक्रेटरी खोटारडे ठरले आणि पिशवीतलं दूध घेऊन निघालेल्या मला सगळ्यांनी गेटवरच गाठलं.

मी सांगितलं, अलार्म गो ऑफ झाला म्हणजे वाजला. "आणि दिवे गो ऑफ झाले की?" विझले. "दूध?" नासलं. "आणि बॉम्ब?" फुटला. बॉम्ब ऐकून वॉचमन खुर्चीतून उठला.

"म्हणजे काहीही झालं की गो ऑफ!" काका म्हणाले. निष्कर्ष अगदीच वाईट नव्हता, पण माझ्यातला मास्तर गप्प बसेना. जुनं चावीचं गजराचं घड्याळ आठवा, म्हटलं. त्यात गजराची स्प्रिंग वेगळी. चावी देऊन ती आवळायची आणि एक खिटी तिला अडवून धरायची. वेळ झाली की खिटी सरकते, स्प्रिंग मोकळी होते आणि हातोडी घंटेवर तुटून पडते. बंदुकीचंही तेच, चाप ओढला की अडवलेलं सुटतं. ऑफ म्हणजे बंद हा अर्थ आपण स्विचवर वाचून पाठ केला. मुळात ऑफ म्हणजे जागेवरून दूर, अलग. तेव्हा गजर गो ऑफ झाला म्हणजे गजर सुटला.

"सुटला म्हणजे संपला ना?" गाडीमालकाला अजून आशा होती.

"शाळा सुटली की संपते," मी म्हणालो, "पण वारा सुटला की सुरू होतो. गाडी सुटली की निघते, कोडं सुटलं की उलगडतं, आणि भज्यांचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. इंग्रजांना एका गो ऑफवरून नावं ठेवायची आणि आपण मात्र एकाच सुटण्यावर एवढा संसार चालवायचा!"

माझ्या मते हे जाहीर व्याख्यानाच्या तोडीचं होतं. सेक्रेटरींची मान डोलत होती. गाडीमालकही हळूच चावी चाचपू लागले होते. तेवढ्यात काकूंनी आपल्या यजमानांकडे वरून खाली एक नजर टाकली आणि मला विचारलं,

"सर, आमच्या यांचं पोट सुटलंय. ते आता सुरू झालंय समजायचं, की वाजणारे?"