उरलेले ५० टक्के कुठे जातात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, तेव्हा दोन ओळींत बोळवण करत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑटोमॅटिक फोर-व्हील-ड्राइव्ह मागच्या चाकांना फार तर ५० टक्के ताकद देते, हे माहितीपत्रकातच छापलेलं असतं. मग पुढची चाकं चिखलात नुसती गरगरत असतील तर उरलेले ५० टक्के वायाच गेले. सबब अशा गाड्यांची बाजू घेणारा माझा लेख ही जाहिरात, आणि खरी फोर-बाय-फोर म्हणजे चारही चाकं हाताने जोडायला गिअरशेजारी दुसरा दांडा असलेली.

जाहिरातीचे पैसे मिळाले असते तर सर्व्हिसिंगचं बिल तरी भागलं असतं. असो.

या गाड्यांत गिअरबॉक्स पुढची चाकं थेट फिरवतो. मागे एक प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद नेणारी लांब फिरती नळी जाते आणि मागच्या डिफरन्शियलच्या (दोन बाजूंना ताकद वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीच्या) तोंडाशी बऱ्याच प्लेटांचा एक क्लच असतो. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय, स्टिअरिंग किती वळलंय, कुठलं चाक जास्त वेगाने फिरतंय हे पाहून कॉम्प्युटर त्या प्लेटा कमी-जास्त आवळतो. पूर्ण आवळल्या की पुढचा-मागचा वेग सारखा होतो. वेग, टॉर्क (फिरवण्याचा जोर) नव्हे! टॉर्क चाकाला जमीन जेवढा विरोध करेल तेवढाच लागू पडतो.

समजा, चाकांपर्यंत २००० न्यूटन-मीटर येऊ शकतो. पुढची दोन्ही चाकं शेवाळावर आहेत, मिळून २००च पेलतात. मागे चांगला मुरूम आहे. नुसत्या फ्रंट-व्हील-ड्राइव्हचा खेळ २००वरच आटोपतो. क्लच आवळलेला असेल तर पुढे २०० आणि मागे १८००, म्हणजे ९० टक्के मागे. क्लच न घसरता तेवढं पेलतो का, एवढीच अट. दोन्हीकडे पकड सारखी असेल तेव्हाची वाटणी म्हणजे तुमचे ५०:५०.

पानशेतकडच्या चढावर तुम्ही पाहिलेली गाडी मात्र वेगळ्या कारणाने अडकली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी होतं, असं तुम्हीच लिहिलंय. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतं. हवेतल्या चाकाला शून्य लागतो, म्हणून जमिनीवरच्यालाही शून्यच. तिथे क्लचचा इलाज चालत नाही, ब्रेकचा चालतो. गाडी मोकळ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावते आणि तेवढाच टॉर्क पलीकडच्या चाकाला मिळतो. खालून करकर, टकटक आवाज येतो. काही तरी तुटलं म्हणून लोक नेमका त्याच क्षणी पाय काढतात! पाय तसाच दाबून धरला असता तर गाडी बहुधा निघाली असती.

दांड्याबद्दल: खडकाळ वाटेवर त्या दांड्याने मिळणाऱ्या लो-रेंजला (कमी वेग, जास्त जोर) पर्याय नाही, मान्य. पण पावसाळ्यात ताम्हिणीत एक वळण ओलं, पुढचं कोरडं. थारसारख्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. कोरड्या डांबरावर फोर-हाय (पुढची-मागची चाकं एकत्र जोडलेली) तशीच ठेवली तर स्टिअरिंग जड होतं आणि शाफ्टना पीळ बसतो. दर वळणाला दांडा कोण ओढत बसणार?

आणि शेवटी सहज विचारलंत ते दोनच टायर बदलण्याचं: नका बदलू. नवा टायर घेराने मोठा, झिजलेला लहान, त्यामुळे सरळ रस्त्यावरही क्लच थोडा थोडा घसरत तापतो. चारही टायरचा खर्च जिवावर येतो खरा, पण त्या क्लचचा, म्हणजे कपलिंगचा भाव एकदा विचारून पाहा.