साडेतीन कोटी वर्षांचा नळ

मोरीतला नळ गळायला लागला त्याला गेल्या शनिवारी १९ दिवस झाले. १९च कशावरून, तर पहिल्याच दिवशी मी डायरीत तशी नोंद केली होती. पुढे काही केलं नव्हतं, पण नोंद होती.

"अहो, वायसर गेलाय. बदलून टाका," असं बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती. हे निदान तिने पोळी लाटता लाटता, नळाकडे ढुंकूनही न बघता केलं. मला अशी घाईची निदानं पटत नाहीत. प्रश्न आधी मुळातून समजून घ्यायला नको? मी मोरीसमोर पाट टाकून बसलो आणि घड्याळ लावलं. सेकंदाला एक थेंब. दिवसाचे झाले ८६,४००. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला, तर रोजचं पाणी सव्वाचार लिटरच्या वर. खडकवासल्यात मावतं जवळपास २ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. केला भागाकार. आमच्या एका नळाने गळून गळून अख्खं खडकवासला रिकामं करायला साडेतीन कोटी वर्षं लागतील. तेही मधे एकदाही पाऊस पडला नाही तर.

हे मी रात्री पानावर सांगितलं. कोणाचा घास अडला नाही.

"आणि वायसर बदलायला किती लागतील?" आईने ताक ओतता ओतता विचारलं.

आमच्या घरात विचाराला किंमत नाही. बादली मात्र लगेच लागली नळाखाली, आणि रोज सकाळी ती गॅलरीतल्या कुंड्यांना जायला लागली. म्हणजे गळतीचा जो काही उपयोग झाला तोही बायकोनेच केला. मी तोवर, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी कसं आणलं, ते वाचत होतो. एवढ्या लांबून, जमिनीखालून, पंप नाही की मोटर नाही, नुसत्या उतारावर! त्या काळीही कोणीतरी आधी बसून विचार केलाच असणार, असं मी म्हणालो. "नंतर खणलंही असेल," बायको म्हणाली.

प्लंबरला फोन करून झाला होता. तो "निघालोच" म्हणाला होता, त्यालाही आठवडा झाला.

शेवटी शनिवारी मी बोहरी आळीत गेलो. गाडी कुठे लावायची याचा विचार आदल्या दिवशीच करून ठेवला होता. तिथे जागा नव्हती. मंडईपाशी गाडी लावून रविवार पेठेत चालत आलो. बोहरी आळीत खिळ्यापासून काहीही मिळतं, फक्त काय हवंय ते आपल्याला माहीत असावं लागतं.

"वायसर द्या."

"कशाचा?"

"नळाचा."

"अर्धा की पाऊण?"

मी गप्प. मग म्हटलं, "टिकायला कुठला बरा?"

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "जुना आणलाय का?"

"तो नळात आहे."

"मग काढायचा ना. का नळ इथं आणताय?"

माझ्याकडे थेंब होते, लिटर होते, धरण होतं. नळाचं माप तेवढं नव्हतं. मागच्या गिऱ्हाइकाने घसा खाकरला. दुकानदाराने अर्ध्याचे डझनभर वायसर कागदात बांधून दिले आणि म्हणाला, "घरात अर्ध्याचाच असतो बहुतेक. जा, आज करून टाका."

पुण्याच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला इतक्या मायेने बोलावं हे जिव्हारी लागलं. आता विचार बंद, असं ठरवूनच घरी आलो. चपलासुद्धा काढल्या नाहीत. माळ्यावरून पाना काढला, नळाला लावला आणि जोर केला.

मेन कॉक बंद करायचा राहिला होता.

नळाचं मुंडकं आधी माझ्या कानाजवळून गेलं, मग पाणी थेट छताला लागलं. मी अंगठा दाबून धरला, तर ते चहूबाजूंनी फवारायला लागलं. बायको स्टुलावर चढून कॉक फिरवायला गेली, तो बिल्डिंग झाल्यापासून कोणी फिरवलेला नव्हता, तो कशाला फिरतोय? ती गच्चीवर धावली आणि टाकीचाच कॉक बंद करून आली. आमच्या बाजूच्या चारही मजल्यांचं पाणी गेलं. डक्टमधून आवाज आला, "अहो, कोणी बंद केलं? डोळ्याला साबण लावलाय!" मी उत्तर दिलं नाही. माझा अंगठा गुंतला होता.

आतून निघाला तो काळ्या रबराचा एक तुकडा. शर्टाच्या बटणाएवढा, मधे झिजून खळगा पडलेला, एका कडेला चिरलेला. नवा बसवायला दोन मिनिटं लागली. अर्ध्याचाच होता.

मी टॉवेल गुंडाळून बसलो होतो, तेव्हा आईला पानशेत आठवलं. १२ जुलै १९६१. ती सात वर्षांची होती, घर नारायण पेठेत. "पाणी आलं म्हणताच आमच्या अण्णांनी काही म्हणजे काही विचार केला नाही. हाताला लागली ती ट्रंक डोक्यावर घेतली आणि आम्हाला घेऊन पर्वतीच्या दिशेनं पळत सुटले."

"बघा," बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

"वर जाऊन उघडली," आई म्हणाली, "तर आत दिवाळीचे आकाशकंदील."

मी मोठ्यांदा हसलो. फारच मोठ्यांदा, असं बायकोचं मत पडलं.

उरलेले अकरा वायसर श्रीखंडाच्या डब्यात घालून मी सुरक्षित जागी ठेवले. काल स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. बायकोने आधी नळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. डबा कुठे ठेवलाय ते मला आठवेना. तोवर घड्याळ लावून पाहिलं.

दोन सेकंदांना एक थेंब. म्हणजे सात कोटी वर्षं आहेत.