'नुसता सिलिंडर बदला' या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, निस्सान ३७०झेड या स्पोर्ट्स कारच्या क्लच स्लेव्ह सिलिंडरवरच्या (पेडल दाबलं की फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी क्लच, फ्लायव्हील सगळं काढायला सांगून लोकांना खर्चात पाडताय. नुसता सिलिंडर बदला, नाहीतर हवा काढून चालवा. कधी गाडीखाली गेलाय का?" पुढे जॅक स्टँडवरून आणि माझ्या अमेरिकेतल्या गॅरेजवरून दोन टोमणेही आहेत.

मतभेदाला ना नाही. पण हा शेवटचा प्रश्न विचारायची ही पद्धत झाली का? निस्सानच्या व्हीक्यू (व्ही-६) इंजिनांच्या गाड्यांखाली पाठ घासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. टोपणनावाआडून परीक्षा घेणाऱ्यांना एवढं पुरे.

एक गोष्ट मान्य. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची सूचना स्टार्टरच्या परिच्छेदात दडली होती, ती आता सगळ्यात वर घेतली आहे.

आता "नुसता सिलिंडर". हा सिलिंडर बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच) आत, इनपुट शाफ्टभोवती (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) बसतो. म्हणजे एक्झॉस्ट, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा कार्बन-फायबरचा प्रोपेलर शाफ्ट, स्टार्टर, गिअरबॉक्स तोलणारा आडवा क्रॉसमेंबर आणि अख्खा गिअरबॉक्स खाली आल्याशिवाय त्याला हातच लागत नाही. वरचे बोल्ट निघावेत म्हणून गिअरबॉक्सची शेपूट थोडी खाली झुकवायची आणि दोन-तीन फूट एक्स्टेन्शनला स्विव्हल (वळणारा सांधा) लावून मागून पोचायचं. झुकवताना इंजिनाची मागची बाजू फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) टेकत नाही ना, नळ्या ताणत नाहीत ना, हे कुणीतरी वरून बघायला हवं. बोल्टांची लांबी सारखी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर जागेप्रमाणे खोचून ठेवायचे. एवढी उस्तवार करून उघडलेल्या जागी जुनी क्लच प्लेट तशीच ठेवायची, ही आपली काटकसर!

सिलिंडर गळतो तेव्हा ब्रेक फ्लुइड त्या प्लेटवर उडतं. अस्तरात मुरलेलं फ्लुइड कुठल्याही स्प्रेने निघत नाही. मग प्लेट घसरते नाहीतर धक्के देत धरते. प्लेट कोरडी निघाली तरी प्रश्न संपत नाही. प्लेट झिजते तशी डायाफ्रॅम स्प्रिंगची (प्लेटला दाबून धरणारी गोल स्प्रिंग) बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात आणि सिलिंडरचा पिस्टन आत दबून काम करतो. पुढे कधी नवी प्लेट बसली की तोच पिस्टन बाहेरच्या भागात येतो, जिथे तोवर क्लचची भुकटी साचलेली असते. सील त्या भुकटीवर घासतं आणि पुन्हा गळतं. म्हणून ही जोडी एकत्रच बदलायची. पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही त्याच वेळी बघायचं. फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाचं जड चाक) बदलाच असं मी कुठे लिहिलंय? तपासा, असं लिहिलंय. मूळचं ड्युअल-मास, म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेलं दोन भागांचं आहे. त्यात ढिलाई किंवा जळल्याचे निळे डाग दिसले तर बदला, नाहीतर राहू द्या. लेख पूर्ण वाचला असतात तर एवढं टंकायचे कष्ट वाचले असते.

बसवताना घाई नको. गिअरबॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचा नाही, प्लेटचं हब वाकतं. बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेणारेही भेटतात, त्यात हाऊसिंगचे कान तडकतात. डॉवेल (जागा नेमकी जुळवणाऱ्या खुंट्या) हाताने बसले पाहिजेत. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस अगदी पुसट, जास्त झालं तर ते उडून प्लेटवरच जातं. आणि गिअरबॉक्स जागेवर येईपर्यंत पेडल दाबायचं नाही, पिस्टन बाहेर निघून येतो. टॉर्कचे आकडे फॅक्टरीच्या मॅन्युअलमधून घ्या, कुणाच्या प्रतिक्रियेतून नको.

"हवा काढून चालवा" म्हणजे नळीतली हवा काढून डॉट ३ (ब्रेक फ्लुइड) भरत राहायचं आणि ते बेल हाऊसिंगमधून ठिबकत राहायचं. एक दिवस सिग्नलला पेडल तळाशी जाऊन बसतं, क्लच सुटत नाही. जोर करून गिअर टाकलात की सिंक्रोचा (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) खर्च वेगळा. ट्रॅकवर चालवणाऱ्यांनी जुन्या ३५०झेडसारखा बाहेरून बसणारा सिलिंडर आणि फोर्कचं (क्लच ढकलणारा तरफेसारखा दांडा) कन्व्हर्जन किट बघावं, त्यात पुढच्या वेळी गिअरबॉक्स उतरवायला लागत नाही. हा मुद्दा आपण काढला असतात तर चर्चा झाली असती.

स्टँड आणि गॅरेजवरच्या टोमण्यांना उत्तर देत नाही. पेडलबद्दल खरंच काही विचारायचं असेल तर गाडीचं साल, फ्लुइडचा रंग आणि टाकीतली पातळी किती दिवसांत उतरते ते लिहा.