सर्वांची सेटिंग सेशनमध्ये कशासाठी?
इंदूरच्या आमच्या ऑफिसात हे वारंवार घडते आणि दर वेळी तितकाच संताप होतो. जीएसटीचा दर किंवा मेल सर्व्हरचा पत्ता, म्हणजे सर्वांसाठी एकच असणारी मूल्ये, कोणीतरी प्रोग्रामर वेब अॅपच्या सेशनमध्ये (प्रत्येक वापरकर्त्यासाठी सर्व्हर वेगळा ठेवतो तो तात्पुरता साठा) भरून ठेवतो. मग प्रत्येकाची वेगळी प्रत तयार होते, मेमरी विनाकारण अडते, आणि दर बदलल्यावरही आधीपासून लॉग-इन असलेल्यांना जुनाच दर लागत राहतो. उलट चूक तर अधिक भयंकर आहे: नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली, Node.js) एकच प्रोसेस अनेकांच्या विनंत्या हाताळते, तरीही चालू वापरकर्त्याची ओळख मॉड्यूलच्या (कोडच्या फाइलच्या) पातळीवरील, म्हणजे सर्व विनंत्यांना सामायिक असलेल्या व्हेरिएबलमध्ये ठेवली जाते, आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या स्क्रीनवर उमटते. एकट्याने चाचणी घेताना हे दिसतच नाही. मूल्य कोणाचे आणि किती काळासाठी, हे लिहिण्यापूर्वी का ठरवत नाहीत?