गुळवेल, उंदीर आणि लेप्टो

लावणी तोंडावर आली की हा मेसेज उगवतोच: ‘गुळवेलीचा अर्क लेप्टोवर रामबाण, उंदरांवर सिद्ध! डॉक्सीने पोट जळतं, गोळ्या फेका. सात दिवस काढा घ्या, दुष्परिणाम शून्य.’ लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुतावाटे चिखलात उतरणाऱ्या जंतूचा ताप. यंदा तो कुडाळच्या काकीपर्यंत पोचला आणि तिने आरोग्यसेविकेने बचावासाठी दिलेल्या डॉक्सीच्या, म्हणजे डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या, गोळ्या फळीवर ठेवून दिल्या.

आधी ते ‘उंदरांवर सिद्ध’. असल्या प्रयोगांत बहुधा जिवंत जंतू नसतोच. ई. कोलाय या दुसऱ्याच जंतूच्या कवचातला एलपीएस (सूज आणणारा विषारी घटक) टोचतात, त्याआधी तासभर अर्क पाजलेला असतो, आणि मग रक्तातलं टीएनएफ, म्हणजे सूज पेटवणारं प्रथिन, किती घटलं ते मोजतात. जंतूच नव्हता, तर मेला कोण? त्यात लेप्टोचा एलपीएस निराळा. जंतूचा एलपीएस हेरणारा आपल्या पेशींवरचा पहारेकरी, टीएलआर-४, त्याला ओळखत नाही, उंदराचा ओळखतो. म्हणजे उंदरावरचा निकाल माणसाला तसाच लागू होत नाही. आणि प्रौढ उंदीर लेप्टोने सहसा आजारी पडतच नाही. जंतू मूत्रपिंडात बाळगून मुतावाटे तुमच्या चिखलात सोडणारा तोच की! खरी परीक्षा घ्यायची तर हॅमस्टरला (उंदरासारखाच छोटा प्राणी, पण लेप्टोने आजारी पडणारा) जिवंत लेप्टोस्पायरा, म्हणजे लेप्टोचा जंतू, टोचा, आजार दिसल्यावर अर्क सुरू करा, शेजारी डॉक्सीचा गट ठेवा, आणि शेवटी मूत्रपिंडाचा तुकडा कल्चरला, म्हणजे त्यातून जंतू वाढतो का ते बघायला, लावून कित्येक आठवडे वाट बघा.

अर्काने उंदराच्या पंजाची सूज उतरते, हे मान्य. सूज स्टेरॉइडनेही उतरते. जंतू तिथेच असतो.

मात्रेचं म्हणाल तर उंदराला किलोमागे ४०० मिग्रॅ, भागिले १२.३ (उंदराची मात्रा माणसाच्या मात्रेत बदलायचा आकडा). म्हणजे ६० किलोच्या बाईला जवळजवळ २ ग्रॅम सुका अर्क, तोही बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढलेला. पेलाभर काढ्यात त्यातलं किती उतरतं, ते मेसेजवाल्यानेच सांगावं.

‘दुष्परिणाम शून्य’ तर धडधडीत खोटं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’त मांडलं. वेल दुसरीच असेल, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. असेलही, मग कुंपणावरची वेल काकीने कशी पारखायची? लेप्टोही यकृतावरच उठतो.

डॉक्सीने जळजळतं, हे मात्र खरं. गोळी कोरडी गिळून लगेच आडवं झालं की ती अन्ननलिकेला चिकटते. जेवल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास बसून राहावं. आठवड्याला २०० मिग्रॅ ही मात्रा फक्त बचावाची. ताप येऊन पोटऱ्या ठणकू लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि शेतात उतरलो होतो हे सांगायचं. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालच्या पोरांना ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.